कुठल्या डावावर पडलात? फायटिंग गेममध्ये हार पचवत खेळ सुधारण्याची पद्धत

कुस्तीच्या मैदानाची बातमी कोण जिंकलं, कोण हरलं एवढ्यावर थांबत नाही. घिस्सा डावावर चितपट, एकलंगीवर अस्मान दाखवलं, असा डाव नावानिशी छापलेला असतो. स्ट्रीट फायटर किंवा टेकनसारख्या दोघांच्या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये हरल्यावर जो त्रास होतो, त्यावर मला सगळ्यात खात्रीचा वाटणारा उपाय हाच आहे. पडलात तर कुठल्या डावावर पडलात, हे नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. ज्या हारीचं कारण सांगता येतं ती फार वेळ सलत नाही. जिचं कारण कळत नाही ती रात्री झोपू देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी पुन्हा पाडते.

या गेममधली हार इतर गेमपेक्षा जास्त झोंबते, त्यालाही कारण आहे. टीमच्या गेममध्ये दोष वाटून घेता येतो. साथीदार वेळेवर आला नाही, झोन वाईट पडला, बंदूकच मिळाली नाही. इथे समोरासमोर दोघंच. वेळ तेवढाच, बटनं तीच, लाइफ जवळपास सारखीच. त्यामुळे ‘मी हरलो’ या वाक्याचं ‘मी कच्चा आहे’ व्हायला वेळ लागत नाही. त्यात ज्यांनी लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स ९७ खेळलंय, किंवा पुढे तासाच्या भाड्याने प्लेस्टेशनवर टेकन ३, त्यांच्या अंगात आणखी एक सवय मुरलेली असते. तिथे हरलं की उठावं लागायचं. कॉइन गेला, नंबर गेला, मागे उभी असलेली पोरं हसली. आज घरी बसून ऑनलाइन हरल्यावर कोणी उठवत नाही, पैसे जात नाहीत, पुढची मॅच लगेच मिळते. तरी छातीत धडधड तीच होते.

खालची उदाहरणं मुख्यतः स्ट्रीट फायटर ६ मधली आहेत (जून २०२३ मध्ये आलेला), काही टेकन ८ मधली (जानेवारी २०२४). पद्धत मात्र या प्रकारच्या कुठल्याही गेमला लागू पडते.

आधी गणित समजून घ्या

रँक मॅचमध्ये सिस्टिम तुमच्या बरोबरीचा खेळाडू शोधते. तुम्ही सुधारलात की समोरचाही तगडा मिळतो. म्हणजे सिस्टिम नीट काम करत असेल तर तुम्ही कितीही चांगले झालात तरी साधारण निम्म्या मॅच हरणार. रुकी, आयर्न, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड करत मास्टर रँकला पोचलात की १५०० गुणांपासून नवी मोजणी सुरू होते, आणि तिथेही तेच. ‘अजून थोडा शिकलो की हरणं थांबेल’ ही आशा मनात धरून बसलात तर दर आठवड्याला निराशा होईल. हरणं थांबत नाही, हरण्याची कारणं बदलतात. गेल्या महिन्यात उडी मारून येणाऱ्याकडून मार खात होतात, या महिन्यात कोपऱ्यात अडकून खाताय, तर तुम्ही पुढे गेलाय.

स्पर्धेत हे गणित आणखी उघडं दिसतं. इव्हो ही जगातली सगळ्यात मोठी फायटिंग गेम स्पर्धा डबल एलिमिनेशन पद्धतीने चालते. एकदा हरलं की लूझर्स ब्रॅकेट, दुसऱ्यांदा हरलं की बाहेर. २०२३ साली लास व्हेगासमध्ये स्ट्रीट फायटर ६ साठी ७ हजारांहून जास्त नावं नोंदली गेली. संयुक्त अरब अमिरातीचा अँग्रीबर्ड जिंकला. बाकी जे खेळले ते दोन-दोन हारी घेऊनच बाहेर पडले, आणि त्यांत जगातले बहुतेक नामवंत खेळाडू होते.

या खेळाच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला क्षण २००४ च्या इव्होमधला. जपानचा दाइगो उमेहारा केन हे पात्र घेऊन खेळत होता, लाइफ संपल्यात जमा. अमेरिकेच्या जस्टिन वाँगने त्याच्या चुन-ली या पात्राचा सुपर, म्हणजे एकापाठोपाठ अनेक फटक्यांचा मोठा डाव, सोडला. असा फटका ब्लॉक केला, म्हणजे अंगावर अडवला, तरी थोडी लाइफ जाते, त्यामुळे एक जरी फटका नुसता ब्लॉक केला असता तरी दाइगो संपला असता. त्याने सगळे पंधरा फटके पॅरी केले (नेमक्या क्षणी झटकून लाइफ न गमावता परतवले) आणि उलट मारून मॅच घेतली. ती क्लिप आजही लोक बघतात. पुढे काय झालं ते मात्र फार जण सांगत नाहीत. त्याच दिवशी अंतिम सामन्यात दाइगो केंजी ओबाताकडून हरला. इतकं मोठं काही करून दाखवणारा माणूसही ती स्पर्धा हरून परतला होता.

बसण्याआधी तीन गोष्टी मिटवा

एक, नेट. वायफायवर खेळू नका, राउटरपासून केबल ओढा. हे गेम रोलबॅक पद्धतीवर चालतात. समोरच्याचं बटन पोचायला उशीर झाला तर गेम अंदाजाने चित्र दाखवतो आणि अंदाज चुकला की मागे जाऊन दुरुस्त करतो. कनेक्शन स्थिर असेल तर हे जाणवतही नाही. अस्थिर असेल तर पात्रं उड्या मारल्यासारखी दिसतात. आपल्याकडे रात्री उशिरा बरोबरीचे खेळाडू कमी झाले की आखाती देशांतले किंवा आग्नेय आशियातले खेळाडू मिळतात. पिंग (सिग्नल समोरच्यापर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) बघूनच मॅच स्वीकारायची सवय लावा. याचा मोठा फायदा हा की ‘नेटमुळे हरलो’ ही सबब आधीच संपते. मग हारीकडे सरळ बघता येतं.

दोन, पात्र. एकच घ्या आणि निदान काही महिने बदलू नका. प्रत्येक हारीनंतर पात्र बदलणाऱ्याला कधीच कळत नाही की दोष पात्रात होता की आपल्या खेळात. स्ट्रीट फायटरमधला रियू चांगला, कारण त्याच्याकडे या खेळातल्या सगळ्या मूळ गोष्टी आहेत. पण आवडत नसेल तर घेऊ नका. आवडतं पात्र असेल तर हरतानाही खेळावंसं वाटतं, आणि सुरुवातीच्या काळात त्याची किंमत फार आहे.

तीन, कंट्रोल. स्ट्रीट फायटर ६ मधल्या दोन पद्धतींपैकी सोपी मॉडर्न घ्यायची की जुनी क्लासिक, यावर लोक उगाच भांडतात. मॉडर्नमध्ये एका बटनावर स्पेशल मूव्ह निघते, बदल्यात तिचं डॅमेज कमी होतं. बोटांशी झगडण्यापेक्षा समोरच्याशी झगडायचं असेल तर मॉडर्नने सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही.

एका वाक्याचा नियम

मॅच संपली, हरलात. रीमॅचचं बटन दाबण्याआधी एक वाक्य मोठ्याने बोला: मी कशाने हरलो?

‘तो नुसता स्पॅम करत होता’ (एकच डाव सारखा मारत होता) हे उत्तर चालणार नाही. ‘ते पात्रच ब्रोकन आहे’ (गैरवाजवी ताकदवान आहे) हेही नाही. यांत डावाचं नाव नाही. चालणारं उत्तर असं असतं: ‘कोपऱ्यात ब्लॉक करून बसलो होतो, दोनदा थ्रो खाल्ला, तिसऱ्यांदा थ्रो तोडायला बटन दाबलं तर तो मागे सरकला, माझा हात हवेत गेला आणि त्याने पूर्ण कॉम्बो मारला.’ थ्रो म्हणजे ब्लॉक करणाऱ्यालाही पकडून आपटणं, कॉम्बो म्हणजे एकामागून एक लागणारे फटके, आणि मागे सरकून फसवण्याच्या या युक्तीला शिमी म्हणतात. नाव माहीत नसलं तरी हरकत नाही, काय घडलं ते क्रमाने सांगता आलं की झालं. ज्याला एवढं सांगता येतं त्याला उद्या ट्रेनिंग मोडमध्ये काय करायचं तेही माहीत असतं.

वाक्य तयार झालं की त्यातली हार कुठल्या जातीची आहे ते बघा. काही हारी माहिती नसल्याच्या असतात. समोरच्याची एखादी मूव्ह ब्लॉक केल्यावर आपली पाळी असते हे ठाऊकच नव्हतं, म्हणून दाबून बसलो. या हारी सगळ्यात स्वस्त. एकदा बघितलं की औषध मिळतं. काही हाताच्या असतात. काय करायचं ते माहीत होतं, बोटांनी केलं नाही. त्याला रोजच्या सरावाशिवाय इलाज नाही, आणि त्यावर चिडण्यातही अर्थ नाही.

तिसरी जात अंदाजाची, आणि बहुतेक लोक चुकीच्या जागी चिडतात ते इथेच. तुम्ही खाली पडलाय, उठताना समोरचा जवळ उभा आहे. तो मारेल किंवा थ्रो करेल. मार ब्लॉक करायचा तर थ्रो लागतो, थ्रो तोडायला गेलं तर मार लागतो. इथे तुम्ही चुकीचं निवडलंत तर ती चूक म्हणायची का? माझ्या मते नाही. जिथे दोन्ही पर्याय खुले आहेत तिथे कधी ना कधी चुकणारच. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: मी त्या जागी पोचलो कसा? दहा सेकंद मागे जा. बहुतेक वेळा तिथे एक अनावश्यक उडी सापडते, किंवा ड्राइव्ह गेज (खास डावांसाठी लागणारी ताकदीची पट्टी) उधळून आलेला बर्नआउट, म्हणजे ती पट्टी रिकामी होणं. दुरुस्ती तिथे करायची.

डोळ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही

आपले रिफ्लेक्स मंद आहेत, वय झालं, आता जमणार नाही, अशी खंत करणारे पंचविशीतले लोकही भेटतात. त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर.

हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतात. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. डोळ्याने काही बघून बोटाने बटन दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. ही झाली एकाच गोष्टीची वाट बघत बसलेल्या माणसाची गोष्ट. काय येणार हे ठाऊक नसेल, चार गोष्टींवर लक्ष असेल, तर वेळ वाढतो. त्यात टीव्हीचा उशीर आणि ऑनलाइनचा उशीर मिळवा.

आता स्ट्रीट फायटर ६ मधले आकडे बघा. रियूचा जॅब, म्हणजे हलका ठोसा, ४ फ्रेममध्ये लागतो. साधा थ्रो ५ फ्रेममध्ये. हे जगात कोणीही बघून अडवत नाही. जे अडवतात ते आधी ओळखतात. त्यामुळे ‘थ्रो दिसला नाही’ म्हणून स्वतःला बोल लावू नका, तो दिसण्यासारखा नाहीच. रियूचा ओव्हरहेड, म्हणजे खाली बसून ब्लॉक करणाऱ्याला वरून लागणारा ठोसा, २० फ्रेमचा. वाट बघत असाल तर दिसेल, लक्ष दुसरीकडे असेल तर लागेल. चांगल्या चांगल्यांना लागतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट, म्हणजे समोरचे फटके झेलत पुढे येणारा जोरदार मार, २६ फ्रेमचा, जवळजवळ ४३० मिलिसेकंद. हा दिसतो. आणि समोरच्याची उडी जमिनीवरून उठल्यापासून परत टेकेपर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपास घेते. ती तर दिसलीच पाहिजे.

म्हणजे उडी आणि ड्राइव्ह इम्पॅक्ट या दोन गोष्टींनी हरत असाल तर तिथे सरावाने सुधारायला भरपूर जागा आहे. जॅब आणि थ्रोने हरत असाल तर प्रश्न नजरेचा नाही, जागेचा आणि अंदाजाचा आहे. एकदा ही वाटणी डोक्यात बसली की निम्मा अपराधीपणा आपोआप गळतो, कारण जे माणसाच्या आवाक्यातच नाही त्यासाठी आपण स्वतःला शिव्या घालत होतो हे कळतं.

वयाचं म्हणाल, तर २०२३ मध्ये झालेल्या हांगझोउ एशियाडमध्ये स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. त्याच स्पर्धेत भारताकडून मयांक प्रजापती आणि अयान बिस्वास खेळले होते.

रिप्ले बघायचा कसा

हरलेली मॅच त्याच रात्री बघू नका. राग असताना माणूस समोरच्याच्या चुका शोधतो. दुसऱ्या दिवशी बघा, आणि जिंकलेल्या सोडून हरलेल्याच बघा.

संपूर्ण मॅचवर भाष्य करत बसायची गरज नाही. लाइफची पट्टी बघा. रियूची लाइफ १०,००० असते. ती कुठे कुठे मोठ्या तुकड्यांनी गेली तेवढ्या जागा शोधा. बहुधा एका राउंडमध्ये अशा तीन-चार जागा निघतात. प्रत्येक जागेवर थांबवून मागे जा आणि तुकडा जाण्याआधी तुम्ही कुठलं बटन दाबलंत ते बघा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये रिप्लेवर दोघांची बटनं आणि फ्रेम मीटर (कुठली मूव्ह किती फ्रेम चालली ते दाखवणारी पट्टी) दाखवता येतात, त्यामुळे अंदाज करावा लागत नाही. टेकन ८ मध्ये तर रिप्ले थांबवून स्वतःच्या पात्राचा ताबा घेता येतो आणि त्याच क्षणी वेगळं काही करून बघता येतं. इथे ब्लॉकनंतर उलट मारता आलं असतं, असं गेमच सुचवतो. उदाहरणार्थ, टेकनमधली हॉपकिक (उडी घेत मारलेली लाथ) ब्लॉक झाली की मारणारा साधारण १३ फ्रेमने मागे पडतो, आणि सगळ्यात वेगवान जॅब १० फ्रेमचा असतो. म्हणजे तो फुकटचा मार होता आणि तुम्ही सोडून दिला. ही हार माहितीची, उद्या संपणारी.

नंतर तीच मॅच दुसऱ्यांदा बघा, पण समोरच्याच्या बाजूने. आपण तो आहोत असं समजा आणि स्वतःचा खेळ वाचा. हा मुलगा उठला की दर वेळी जॅब दाबतो. कोपऱ्यात गेला की मागे उडी मारतो. लाइफ कमी झाली की हमखास शोर्यूकेन (उसळी घेऊन वर मारलेला ठोसा) सोडतो. या सवयी आतून कधीच दिसत नाहीत, बाहेरून पहिल्या दोन मिनिटांत दिसतात. ज्याने हरवलं त्याला त्या मॅचमध्येच दिसल्या होत्या, म्हणून तर तो जिंकला. हे कळल्यावर त्याच्याबद्दलचा राग बराच कमी होतो.

साधी वही ठेवा. तारीख, समोरचं पात्र, आणि ते एक वाक्य. बस्स. महिन्याभराने पानं उलटलीत की एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं सापडेल. पुढच्या महिन्याचा अभ्यास तोच.

ट्रेनिंग मोड: वहीतल्या वाक्याचं काय करायचं

ट्रेनिंग मोड म्हटलं की बहुतेक जण कॉम्बो घोकतात. कॉम्बो हवेतच, पण मॅच हरताना कॉम्बो लावायची संधीच मिळालेली नसते. म्हणून डमीला, म्हणजे सरावासाठी समोर उभ्या असलेल्या पात्राला, हलवा.

समजा वहीत ‘उडी मारून येतो आणि मी नुसता ब्लॉक करतो’ असं आलंय. डमी सेटिंगमधल्या रेकॉर्डिंगमध्ये जा. पहिल्या स्लॉटमध्ये डमीला पुढे उडी मारून जड लाथ मारायला लावा. दुसऱ्या स्लॉटमध्ये ते जागेवर थोडं पुढे-मागे चालू दे, बाकी काही नको. दोन्ही स्लॉट चालू करून क्रम रँडम ठेवा. आता तुमचं काम एकच, उडी दिसली की खाली पाडायचं. रियूचा बसून जड ठोसा पुरे आहे, शोर्यूकेन जमला तर उत्तमच. पाच मिनिटांत हात बसतो. मग तिसरा स्लॉट भरा: ड्राइव्ह इम्पॅक्ट. त्याला उत्तर म्हणून आपलाही ड्राइव्ह इम्पॅक्ट. चौथा स्लॉट: चालत येऊन थ्रो.

स्लॉट वाढत जातील तशी पहिली गोष्ट पुन्हा चुकायला लागेल. उडी बघून पाडणं सोपं वाटत होतं, आता इम्पॅक्टची वाट बघताना उडी निसटते. ते तसंच व्हायला हवं. खऱ्या मॅचमध्ये हेच होतं. इथे चारही गोष्टी सांभाळता येऊ लागल्या तरच मॅचमध्ये त्यांतल्या एक-दोन सांभाळता येतील. रोज दहा-पंधरा मिनिटं, मॅच सुरू करण्याआधी. त्याहून जास्त केलंत तर कंटाळा येतो आणि सरावाचा फक्त आव उरतो.

ड्राइव्ह इम्पॅक्टवर थोडं जास्त, कारण खालच्या रँकमध्ये सगळ्यात जास्त रडू यावरच येतं. तो दोन फटके अंगावर झेलून पुढे येतो, म्हणून बटनं बडवणारा माणूस हमखास पडतो. तुमच्याकडे गेज असेल तर उलट इम्पॅक्ट मारा. नसेल आणि अंतर मिळालं असेल तर उडी मारून सुटा. अगदी जवळ असाल तर थ्रोही लागतो, कारण ती झेलण्याची ताकद थ्रोपुढे चालत नाही. आणि पाठ भिंतीला टेकलेली असेल तर नुसता ब्लॉक करून भागत नाही, तिथे ब्लॉक केला तरी तुम्ही भिंतीवर आपटून उघडे पडता. एवढ्या ओळी माहीत असल्या की ‘स्पॅम’ म्हणून ज्याला शिव्या दिल्या जातात तो माणूस तुम्हाला फुकटचं लाइफ देणारा वाटू लागेल.

मॅचमध्ये एकच काम घेऊन जा

ज्या गोष्टीचा सराव केला तीच त्या दिवसाची कामगिरी. ‘आज जिंकायचं’ हे काम नव्हे, कारण निम्मं ते समोरच्याच्या हातात आहे. ‘आज उडी मारणाऱ्याला खाली पाडायचा प्रयत्न करायचा’ हे काम. प्रयत्न मोजा, यश नंतर मोजा. समोरच्याने पाच उड्या मारल्या, तुम्ही चार वेळा बटन दाबलंत, त्यांतले दोन लागले, मॅच हरलात. तो दिवस चांगला गेला. याआधी तुम्ही एकदाही बटन दाबत नव्हता.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नवी गोष्ट खेळात आणली की काही दिवस तुम्ही आधीपेक्षा जास्त हराल. सगळं लक्ष उडीकडे असल्यामुळे जमिनीवरचा मार जास्त लागतो. रँक खाली येते. नेमक्या याच वेळी बहुतेक लोक नवं सोडून जुन्या सवयींकडे परत जातात, कारण त्या सवयींनी निदान गोल्ड मिळवून दिलेलं असतं. थांबा. उडी पाडणं हाताला वळण लागल्यासारखं आपोआप व्हायला लागलं की लक्ष मोकळं होतं आणि गेलेली रँक परत येते. रँकची फारच भीती वाटत असेल तर नवी गोष्ट कॅज्युअल मॅचमध्ये किंवा मित्राबरोबर कस्टम रूममध्ये आधी वापरा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये प्रत्येक पात्राची रँक वेगळी असते आणि एकदा मास्टर झालात की त्या पात्राने त्याखाली घसरत नाही, हेही लक्षात असू द्या.

डोकं फिरलं की

चिन्हं ओळखीची आहेत. हरल्याचा स्क्रीन पूर्ण दिसण्याआधी रीमॅच दाबला जातो. बटनांचा आवाज वाढतो. ब्लॉक करायचा कंटाळा येतो, सारखं मारत सुटावंसं वाटतं. ‘एक जिंकूनच उठतो’ असं मनात येतं. हे शेवटचं सगळ्यात महाग पडतं.

किती हारीनंतर उठायचं याचा ठराविक आकडा मी देणार नाही. कोणी लागोपाठ पंधरा मॅच हरूनही शांत असतो, कोणी दुसऱ्याच मॅचला पेटतो. एका वाक्याचा नियम इथेही वापरा. लागोपाठ दोन हारींनंतर कशाने हरलो ते सांगता आलं नाही, तर उठायचं. डोकं माहिती घ्यायचं बंद झालंय, यापुढच्या मॅचमधून काही मिळणार नाही, फक्त वाईट सवयी पक्क्या होतील. पाणी प्या, गॅलरीत जाऊन या, आणि परत बसलात तर रँकला न जाता ट्रेनिंग मोडला बसा. पुष्कळदा त्या दिवशी परत न बसणंच योग्य असतं.

घरात मुलगा किंवा मुलगी हे गेम खेळत असेल आणि कंट्रोलर आपटला जात असेल, तर ‘गेमच तर आहे’ म्हणू नका. त्यांच्यासाठी त्या क्षणी ते खरं असतं. ‘कशाने हरलास? दाखव बरं’ असं विचारा. उत्तर समजलं नाही तरी चालेल. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली येतो, आणि पुढच्या वेळी हा प्रश्न ते स्वतःला विचारतात.

समोरचा माणूस

जिंकल्यावर पात्राला सारख्या उठाबशा काढायला लावून खिजवणारे भेटतील. एक मॅच जिंकून रीमॅच न देता पळणारे भेटतील. त्यांच्यासाठी वेळ घालवू नका, पुढची मॅच शोधा. हरताना स्वतः मात्र नेट तोडून पळू नका. समोरच्याची मॅच अर्धवट राहते आणि आपल्याला शेवटपर्यंत बघायची सवय लागत नाही.

तुमच्यापेक्षा चांगला खेळाडू सापडला तर त्याला सोडू नका. शहरात गेमिंग कॅफे असेल, खेळणाऱ्यांचा डिस्कॉर्ड ग्रुप असेल, तर तिथे विचारा, ‘दादा, पहिल्या दहापर्यंतचा सेट खेळाल का?’ (जो आधी दहा मॅच जिंकेल त्याचा सेट) आणि ०-१० हरल्यावर, ‘मला सगळ्यात जास्त कशावर पकडलंत?’ असं विचारा. या प्रश्नाला नाही म्हणणारा खेळाडू विरळा. जो माणूस तुम्हाला दहा वेळा पाडून गेलाय त्याच्याइतका तुमच्या खेळाचा अभ्यास त्या दिवशी दुसऱ्या कोणी केलेला नसतो. लांब सेटचा आणखी एक फायदा असा की पहिल्या दोन मॅचमध्ये जी युक्ती कळली नाही ती पाचव्या मॅचला कळायला लागते. रँकमध्ये दोन-तीन मॅचमध्ये माणूस निघून जातो, ही संधी मिळत नाही.

लाहोरचा अर्सलान अ‍ॅश २०१९ मध्ये इव्हो जपान आणि त्याच वर्षी लास व्हेगासची इव्हो, टेकन ७ च्या दोन्ही स्पर्धा जिंकला, तेव्हा जगाला तो कुठून उगवला ते कळेना. जपानमध्ये जिंकल्यावर त्याने सांगितलं की त्याच्या तोडीचे खेळाडू पाकिस्तानात आणखीही आहेत. पुढच्या काही वर्षांत ते जगाने पाहिलं. एकमेकांना समोर बसून पाडत राहणारी माणसं एका शहरात असली की काय होतं, त्याचं हे उदाहरण. चार जणांचा का होईना, असा गट जमवा.

पहिल्या स्पर्धेला जाताना

नाव नोंदवा, रँक बघत बसू नका. पहिल्या स्पर्धेत बहुधा दोन मॅच हरून बाहेर पडाल. त्या धरूनच निघा, प्रवासाला तेवढं मोल आहे. स्वतःचा कंट्रोलर न्या, बटनं आधी तपासा. विनर्समधून पडलात की लूझर्सची मॅच लागायला मधे वेळ असतो. त्या वेळात मोबाईलवर गेम समजावणारे व्हिडिओ बघू नका, डोक्यात गर्दी होते. एक वाक्य ठरवा, त्याचं एकच उत्तर ठरवा आणि पाणी प्या.

अमेरिकेचा पंक हा खेळाडू २०१७ च्या इव्होत स्ट्रीट फायटर ५ च्या अंतिम सामन्यात जपानच्या तोकिदोकडून हरला. भरलेल्या स्टेडियमसमोर त्याला रडू आवरलं नव्हतं. २०२४ ला तो स्ट्रीट फायटर ६ ची इव्हो जिंकला. मधे सात वर्षं गेली आणि त्या काळात तो खेळत, हरत, जिंकत राहिला. रडू येण्यात काही वाईट नाही. इतकं मनापासून खेळल्यावर येणारच.

तुमची दुसरी हार झाली की हात मिळवा, ‘कशावर पकडलंत?’ तेवढं विचारून घ्या आणि घरी पळू नका. ज्याने तुम्हाला हरवलं त्याच्या पुढच्या मॅच मागे उभं राहून बघा. जी युक्ती तुमच्यावर चालली तीच तो पुढच्यावरही करेल, आणि कधीतरी पुढचा ती तोडेल. कशी तोडली ते वहीत लिहा. सोमवारी ट्रेनिंग मोड उघडलात की पहिला स्लॉट तोच.